शिपायांचं रान

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा माझे थोरले दीर वारलेले होते की हयात होते, हे मला कुणी धड सांगितलं नाही. ते पलटणीत होते, लढाईवर गेले होते, एवढं माहेरी बार्शीला असतानाच कानावर आलं होतं. लढाई तर संपून गेलेली. सासरी आल्यावर पहिल्या दिवशी जाऊबाई पाया पडून घ्यायला पुढं झाल्या नाहीत. दाराआड उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. पण हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी गोंधळले. कुंकू नाही आणि बांगड्या आहेत, म्हणजे मी त्यांना काय समजायचं? हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही?

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "दादा गेला. समुद्रापल्याड, बसऱ्याच्या लढाईत. सरकारची तार आली हुती."

"मग बांगड्या?"

"ते मामंजींना इचार." हे एवढं बोलून बैलांकडं निघून गेले.

मामंजींना विचारायची माझी कुठली छाती! पण पुढं जाऊबाईंनीच सांगितलं. त्यांना मी आक्का म्हणायची. तार आली त्या दिवशी बायका बांगड्या फोडायला आल्या, तर मामंजी आडवे झाले. म्हणाले, "कागद आलाय, पोरगा आला न्हाय. मी डोळ्यांनी बगितल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय." कुंकू मात्र आक्कांनी स्वतःच पुसलं. का, ते त्यांनाही सांगता येईना. "एक व्हय म्हनलं, एक न्हाय म्हनलं, दोनी करून ठिवलं," असं म्हणून त्या ज्वारी पाखडायला लागल्या.

मामंजी उंच, हडकुळे, फार कमी बोलणारे. दहाव्याला पिंड ठेवला नाही, तेराव्याला गाव जेवू घातलं नाही. काही केलं तर मुलगा मेला असं होईल, आणि नाही केलं तर त्याला गती कशी मिळणार, ह्या दोन्हींच्या मधे ते काही वर्षं तसेच राहिले. संध्याकाळी ओट्यावर बसून सोलापूरच्या वाटेकडं बघायचे. कुणी आलं की उठायचे आणि परत बसायचे.

असं चाललेलं असताना एका हिवाळ्यात मामलेदार गावात आले. लढाईला ज्या गावातून माणसं गेली, त्या गावाला सरकार एक कोरलेला दगड देणार होतं. आमच्या गावातले तिघे तिकडं कामी आले होते. एक आमचे दीर. दुसरा मुलाण्याचा मुलगा. तिसरा महारवाड्यातला, एका म्हाताऱ्या विधवेचा एकुलता एक. दगड कुठं बसवायचा ते गावानं ठरवावं, असं मामलेदार म्हणाले. चावडीत बसवावा तर महारवाड्यातल्यांनी चावडीत पाय कसा ठेवायचा? देवळात बसवावा तर मुलाण्यानं काय करायचं? मंडळी एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली.

मामंजी शेवटच्या रांगेत बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "माजं वड्याकडचं रान घ्या."

ओढ्याकडचं रान म्हणजे आमची सगळ्यांत चांगली जमीन. काळीभोर, वरच्या बाजूला पायऱ्यांची विहीर, बांधावर मोठा लिंब. शाळू असा यायचा की आत शिरलेलं माणूस दिसत नसे. हे घरी आले ते तापलेलेच. "आण्णा, डोकं ठिकाण्यावर हाय का? दगड ठेवायला हातभर जागा लागती. समदं रान कशाला?"

मामंजी म्हणाले, "पोराला जागा पायजे की."

"आन् बाकीच्या दोगांना?"

"त्यांनाबी पायजे. हातभर जागंत तिगं कसं मावत्याल?"

हे तणतणत गोठ्याकडं निघून गेले. मलाही मामंजींचं म्हणणं खुळ्यासारखं वाटलं, आणि लगेच वाटलं की त्यात चूक तरी काय आहे. चौथ्या दिवशी मामंजी सोलापूरला जाऊन कचेरीत अंगठा देऊन आले.

दगड बसवायला साहेब आला, सोलापूरहून बाजा आला. तिघांच्या घरच्यांना पुढं बसवलं. पुढं म्हणजे आम्ही सतरंजीवर, मुलाणी सतरंजीच्या कडेला, आणि ती म्हातारी लिंबाच्या पलीकडं जमिनीवर. साहेब काय बोलला ते कुणाला कळलं नाही. कारकुनानं मराठीत सांगितलं तेही फार जणांना कळलं नाही. राजा, साम्राज्य, कीर्ती असे शब्द होते. मामंजी खाली मान घालून बसले होते. बाजा वाजायला लागला तसे एकदम उठून उभे राहिले आणि रस्त्याकडं बघायला लागले. मी त्यांचं उपरणं धरून त्यांना खाली बसवलं.

त्या संध्याकाळी आक्कांनी हाताला शिकेकाईचं पाणी लावून बांगड्या एकेक करून उतरवल्या. फोडल्या नाहीत. फडक्यात बांधून पेटीत ठेवल्या. मामंजींनी बघितलं, या वेळी आडवे झाले नाहीत.

माझे वडील बार्शीत मास्तर, म्हणून मला वाचता येत होतं. गावातल्या बायकांत तेव्हा दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायका जमल्या आणि म्हणाल्या, दगडावर काय लिव्हलंय ते वाच. वर इंग्रजी, खाली मराठी. ह्या गावातून इतकी माणसं महायुद्धास गेली, त्यांपैकी तीन जणांनी प्राण दिले. बस, एवढंच. मी वाचून दाखवलं. आक्का म्हणाल्या, "आन् नाव?"

मी पुन्हा खालीवर बघितलं. नाव नव्हतं.

लिंबाच्या पलीकडून ती म्हातारी ओरडली, "बाई, माज्या लेकाचं नाव वाचा की जरा मोट्यानं."

मी म्हणाले, "मावशी, नावं घातलेली नाहीत."

"माज्या लेकाचं न्हाय?"

"कुणाचंच नाही. नुसतं तीन जण असं आहे."

तिनं मान वर करून दगडाकडं बघितलं. मग म्हणाली, "कुनाचंच न्हाय म्हंजे समद्यांचं हाय म्हना की." आणि डोक्यावर पदर सारखा करून गेली. तिला मावशी म्हणाले म्हणून घरी येताना शेजारणीनं मला टोकलं. मला ते तोंडातून कसं गेलं तेच आठवेना.

त्यानंतर त्या रानाचं काय करायचं हा घोळ सुरू झाला. पेरायचं का? मामंजी म्हणाले, पेरून खाणार कोण? मग गवत वाढलं. गुरं शिरली की मामंजी काठी घेऊन धावत, आणि गुरं हाकलून झाली की म्हणत, "चरली तरी काय बिगडलं म्हना." चपला बाहेर काढायच्या की नाही, ह्यावरही एकमत नव्हतं. कुणी काढत, कुणी घालूनच जात. सोमवारी एका बाईनं दगडाला कुंकू लावलं, नारळ फोडला. तिच्या लेकराचा ताप उतरला म्हणून पुढच्या सोमवारी आणखी दोघी आल्या. म्हातारा मुलाणी एका शुक्रवारी आला, कुंकू बघून बराच वेळ घोटाळला, दगडाच्या मागच्या बाजूला जाऊन त्यानं हात पसरून दुवा केली. जाताना मामंजींना म्हणाला, "पाटीलभाई, ये कबर हय क्या देव हय, मेरे कू कुछ समझ में नै आता." मामंजी पाटील नव्हते. तरी ते म्हणाले, "मलाबी न्हाय कळत बाबा."

आणि मग एक उन्हाळा फार कडक आला. ओढा आटला. महारवाड्यातली माणसं ओढ्याच्या वाळूत झरे खणून पाणी घेत, ते झरे कोरडे पडले. आमच्या, म्हणजे आता त्या रानातल्या विहिरीला मात्र पाणी होतं. गावातल्या बायका तिथूनच भरत.

एका दुपारी मी मामंजींची भाकरी घेऊन रानात गेले होते. ते लिंबाखाली बसले होते. ती म्हातारी घागर घेऊन आली आणि विहिरीपासून चांगलं लांब थांबली.

"मालक, एक इचारू का?"

"पानी पायजे व्हय? थांब. मी काडून वततो तुज्या घागरीत." मामंजी उठलेसुद्धा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तोपर्यंत चालत आलेली रीतच ती होती.

म्हातारीनं घागर मागं घेतली. "वतलेलं मागायला न्हाय आले मालक. वतनारं लई हायती. मला येवडंच सांगा, हे रान कुनाचं?"

"माजं न्हाय आता. देऊन टाकलं."

"कुनाला?"

"त्या तिगांना."

"त्यात माजा लेक हाय न्हवं?"

"हाय की."

"मग हिरीत त्याचा वाटा हाय का न्हाय?"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडायला लागले. शेवटी ते म्हणाले, "मला इचार करू दे."

"करा. माजी घागर हितंच ठिवते," म्हणाली आणि रिकामी घागर लिंबाच्या बुंध्याशी ठेवून निघून गेली.

मामंजी विचार करायला थेट सोलापूरला गेले. मामलेदार बदलला होता. नव्या मामलेदारानं कागद बघून सांगितलं, रान सरकारदप्तरी शिपायांच्या स्मारकाकडं लागलेलं आहे, पाणी कुणी भरायचं ते गावानं बघावं. मामंजी परत आले ते जास्तच गोंधळून. तोवर गावाला कळलं होतं. संध्याकाळी वडीलधारी माणसं आमच्या पुढच्या सोप्यात येऊन बसली. आम्ही दोघी आत चुलीपाशी.

एक जण म्हणाला, "आण्णा, घागर उचलून फेका आन् इषय संपवा."

दुसरा म्हणाला, "न्हायतर हीर बुजवा. आमी दुसरीकडनं भरू."

मामंजी म्हणाले, "रान माजं न्हाय. मग हीर बुजवनारा मी कोन?"

"बरं, बुजवू नगा. तिला भरू नगस म्हना."

"रान माजं न्हाय. मग नगस म्हननारा मी कोन?"

"आण्णा, चेष्टा करताय व्हय आमची?"

"न्हाय बाबा. मी तुमालाच इचारतोय. मी कोन?"

ते खरोखरच विचारत होते. मला आतून त्यांचा आवाज ऐकून तसं वाटलं. पण बाहेरच्यांना वाटलं म्हातारा वाकडं बोलतोय. आवाज चढले. हे सगळ्यांना शांत करायला लागले, तेव्हा आक्का चुलीपाशून उठल्या. मी पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मला येक सांगायचंय."

विधवा बाई पुरुषांच्या बैठकीत बोलली, हे त्या सोप्यानं पहिल्यांदाच बघितलं असेल. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

"हे सुट्टीवर आल्ते तवा मला म्हनाले हुते. जहाजावर पान्याची टाकी येकच असती. समदी शिपाईमानसं त्यातलंच पितात. पयल्या दिशी हे पेले न्हायत. दुसऱ्या दिशी पेले. म्हनाले, न पिऊन काय मरायचं हुतं व्हय?"

मग एक जण कसंनुसं हसला आणि म्हणाला, "जहाजावरचं येगळं हो, वैनी." आक्का आत आल्या. चुलीकडं पाठ करून बसल्या, तव्यावरची भाकरी मीच उलटली. बैठक काहीच न ठरता उठली. जाताना लोक मामंजींना सांगून गेले, तुमी जर भरू दिलं तर आमचा तुमचा संबंध न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भाकरी घेऊन गेले. मामंजी विहिरीच्या काठावर काठी टेकून उभे होते. म्हातारी आली, लिंबाखालची घागर तिनं उचलली. विचारलं नाही. मामंजींकडं बघितलंही नाही. पायऱ्या उतरायला लागली. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तिचा पाय अडखळला. मामंजींची काठी एकदम पुढं गेली. मला वाटलं, आता अडवतात. पण ती काठी आधाराला होती का अडवायला, ते मला आजही सांगता यायचं नाही. म्हातारीनं ती धरली नाही. भिंतीला हात लावून सावरली आणि खाली गेली. घागर बुडल्याचा आवाज आला. वर येऊन तिनं त्यातलं थोडं पाणी दगडावर ओतलं आणि भरली घागर घेऊन चालू लागली.

मामंजी धपकन काठावर बसले. "सूनबाई, मी काय करायला पायजे हुतं गं?"

मी म्हणाले, "मला नाही कळत, मामंजी."

खरंच कळत नव्हतं. तिच्या पायाला ठेच लागली तेव्हा माझ्याच छातीत धस्स झालं होतं. आणि तिनं घागर बुडवली तेव्हा, आता आपण पाणी कुठलं भरायचं, हेही त्याच छातीत आलं होतं. दोन्ही खरं.

मग गाव बोललं ते त्यानं करून दाखवलं. न्हावी यायचा बंद झाला. मामंजींची दाढी वाढली, ती पांढरी आणि विरळ, त्यात ते अगदी वेगळेच दिसायला लागले. मळणीला कुणी येईना. बायका समोरून येताना वाट बदलायच्या. हे बापावर इतके चिडले की त्यांच्याकडं पाठ करून जेवायचे. "तुमी तर नुसतं उबं ऱ्हायला. मग त्याचं फळ आमी का भोगायचं?" असं एकदा म्हणाले. मामंजी म्हणाले, "व्हय रं. मी काय केलंच न्हाय." आणि मग स्वतःशीच, "न्हाय केलं म्हून का? का केलं म्हून?"

त्या विहिरीवर गावातलं कुणी जाईना. आमच्या घरचं पाणी ह्यांनी लांबच्या मळ्यातून बैलगाडीत पिंप घालून आणायला सुरुवात केली. आक्का मात्र रोज सकाळी आपली घागर घेऊन शिपायांच्या रानात जात. ह्यांनी बजावलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणून मग त्यांची घागर परसात शेवग्याखाली वेगळी ठेवायची असं ठरलं. त्यांना स्वयंपाकाच्या पाण्याला हात लावायची बंदी. माझी मधल्यामधे फार ओढाताण व्हायची. आक्कांना भाकरी वाढताना त्यांच्या ताटाला हात लागला की मी ह्यांच्याकडं बघायची, आणि नाही लागू दिला की आक्कांकडं बघवायचं नाही. आक्का दुपारी बराच वेळ रानात बसायच्या. ती म्हातारीही तिथं असायची. दोघी फार बोलत नसत. एकदा लांबून बघितलं तर म्हातारी आक्कांच्या डोक्यातल्या उवा बघत होती आणि आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. मी परत फिरले. रागावावं की आनंद मानावा, ते वाटेतच ठरवू म्हटलं, पण घर आलं.

मृगाच्या आधीचे दिवस. अंगाची लाही व्हायची. मामंजी सोप्यात पडले होते, त्यांचं अंग मोडून आलं होतं. त्यांनी हाक मारली, "सूनबाई, पानी दे."

मी तांब्या घेऊन आमच्या रांजणाकडं वळले.

"त्यातलं नगं. थोरलीच्या घागरीतलं दे."

मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. हे दारात पेंड कालवत होते. त्यांचे हात थांबले. मी ह्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघेनात. आक्का परसाच्या दारात आल्या. कुणी हो म्हणेना, कुणी नको म्हणेना. शेवटी मीच परसात गेले आणि शेवग्याखालच्या घागरीत तांब्या बुडवला. पहिल्यांदाच हात लावत होते तिला. मामंजी कोपरावर उठून बसले. एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला बराच वेळ. काहीतरी आठवू बघणाऱ्या माणसासारखं वर आढ्याकडं बघत होते. मग गिळला. मग उरलेला तांब्या एका दमात संपवला आणि म्हणाले, "आनी दे."

हे पेंडीची पाटी उचलून गोठ्यात गेले. त्या दिवसापासून आक्कांची घागर हळूहळू घरात आली. आधी परसाच्या दारात, मग मोरीपाशी, मग रांजणाशेजारी. कुणी आत घेतली ते कुणीच सांगत नसे. एक दिवस मी त्याच पाण्यानं पीठ मळलं आणि ह्यांना वाढलं. त्यांना ठाऊक होतं, मला वाटतं. जेवून उठले आणि नेहमीसारखे सुपारी कातरत बसले.

पाऊस झाला, ओढा वाहिला, तसं गावही थोडं सैल झालं. न्हावी एका सकाळी धोपटी घेऊन येऊन बसला, जसा काही कालच येऊन गेला होता. मामंजींनीही विचारलं नाही. पण त्या विहिरीवर गाव परत आलं नाही. त्यांनी दुसरीकडं खणली. शिपायांच्या रानातली महारवाड्याची झाली, आणि आमची.

मामंजींनी त्यानंतर पाच-सहा वर्षं काढली. रोज जाऊन दगडापाशी बसायचे. आपण बरं केलं का वाईट, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. बरं केलं म्हणणाऱ्याशीही वाद घालायचे आणि वाईट म्हणणाऱ्याशीही. गेले तेव्हा ती म्हातारी आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिला आत बोलवावं का, ह्याचा मी विचार करत होते, तोवर आक्का जाऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी आक्कांना विचारलं, "आक्का, ते जहाजावरचं, टाकीचं, भाऊजी खरंच तसं म्हणाले होते?"

आक्कांचे हात थांबले. त्या विचार करायला लागल्या. मला वाटलं, आता हसतील नाहीतर रागावतील. तसं काही झालं नाही.

"म्हनाले हुते असंच वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "आवाजबी कानात हाय त्यांचा. पन सुट्टीवर आल्ते चार दिवस. त्यात किती बोलले आन् किती मी मागनं मनात बोलून घेतलं, आता येगळं करता येत न्हाय."

मी त्यांच्या सुपात आणखी शेंगा ओतल्या. बाहेर हे बैलांना हाका मारत होते.